वळवापूर्वीचा उकाडा : खाडीकाठच्या गावांसाठी तयारीचे दिवस

घणसोली गावाच्या पूर्वेस पारसिकचा डोंगर असून पश्चिमेस ठाणे खाडी आहे. फाल्गुन सरून चैत्र लागला म्हणजे या गावावर दोन वाऱ्यांचा अंमल सुरू होतो. रात्री व सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, कोरडा वारा येतो. दुपारी खाडीकडून खारा वारा वाहू लागतो. खारा वारा वेळेवर आला तर उष्मा आटोक्यात राहतो. पूर्वेचा वारा जोरदार असून खारा वारा लांबला, तर पारा भराभर चढतो. २८ मार्च १९५६ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. किनारी प्रदेशात कमाल तापमान ३७ अंश वा त्याहून अधिक आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त झाले, तर हवामान खाते त्यास उष्णतेची लाट समजते.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, पुढे नवी मुंबई शहर वसले आणि घणसोलीच्या बहुतेक भातखाचरांवर वसाहती उभ्या राहिल्या. परंतु डोंगर, खाडी आणि वारे आपल्या जागी आहेत. म्हणून या गावी जे दिसते ते ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील किनारी गावांच्या शेतकऱ्यांस आजही उपयोगी पडण्यासारखे आहे.

वादळ कसे होते

तापलेली जमीन आपल्यावरील हवेस तापविते व ती हलकी होऊन वर चढते. परंतु केवळ उष्म्याने वादळ होत नाही. त्या हवेत समुद्रावरून आलेले पुरेसे बाष्प असावे लागते, वरच्या थरांतील हवा थंड असावी लागते आणि हवेला वर ढकलणारे एखादे कारण घडावे लागते. म्हणूनच कडक पण कोरड्या उन्हाचे दिवस पुष्कळदा वादळावाचून निघून जातात. उलट पारा थोडा खाली असूनही अंगाला घाम चिकटू लागला, तर सावध व्हावे.

सर्व गोष्टी जुळून आल्या म्हणजे दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूस फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहतात. वरच्या थरांतील वारे पूर्वेकडून असले तर ते ढग सायंकाळी किनाऱ्याकडे सरकतात. ढगातील थंड हवा पावसाबरोबर वेगाने खाली येते व जमिनीवर पसरते. पावसाच्या आधी धूळ उडवीत येणारा गार वारा तो हाच. तो अंगावर येईपर्यंत तयारीस फारसा वेळ उरलेला नसतो.

या वाऱ्याचा जोर किती घातक असतो, हे १३ मे २०२४ रोजी दिसून आले. त्या दिवशी सायंकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबईवर धुळीचे वादळ आले. खाडीपलीकडच्या घाटकोपर येथे एक प्रचंड जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. पुढील वर्षी, ६ मे २०२५ रोजी, या भागात पुन्हा वादळी वारा व पाऊस झाला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. तो तब्बल १६ दिवस आधी आल्याने आगोटीच्या कामांस मिळणारा अवधी तेवढाच घटला. वैशाखाचा उत्तरार्ध हाताशी आहे, असे गृहीत धरून कामे मागे ठेवणे आता धोक्याचे आहे.

अंदाज कसा वापरावा

हवामान खाते उन्हाळी हंगामाच्या प्रारंभी मार्च ते मे या काळाचा अंदाज देते. त्यावरून हंगामाचा एकंदर कल समजतो, ठरावीक दिवस समजत नाही. दर गुरुवारी निघणाऱ्या चार आठवड्यांच्या अंदाजावरून कोणता आठवडा जपावयाचा ते ठरवावे. रोजच्या अंदाजावरून दिवस ठरवावा. पुढील तीन तासांच्या इशाऱ्यावर मात्र तत्काळ कृती करावी. इशाऱ्यांपैकी पिवळा रंग लक्ष ठेवण्याचा, नारिंगी सज्ज होण्याचा व लाल कृती करण्याचा आहे. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ व शेतीच्या सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ही भ्रमणध्वनीवरील साधने उपलब्ध आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा इशारा फलकावर लिहून न थांबता, तो वाड्यावस्त्यांवर तोंडी पोहोचवावा.

कोणती कामे आधी करावीत

१. काढलेला वाल खळ्यावर उघडा ठेवू नये. झोडून, वाळवून कोठारात न्यावा. पेंढ्याची उडवी उंच जागी रचून तिचा माथा उतरता ठेवावा व ती दोरांनी आवळून बांधावी.

२. तयार आंबा वादळापूर्वी, सकाळच्या गारव्यात, झेल्याने देठासह उतरवावा व सावलीत ठेवावा. तापलेल्या जमिनीच्या धगीने हापूसमध्ये साका वाढतो. म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन करावे.

३. सुकत घातलेली मासळी व मिठागरातील तयार मीठ एका सरीनेही वाया जाते. इशारा मिळताच मासळी आत घ्यावी, मिठाचे ढीग झाकावेत.

४. पावसाची शक्यता असता औषधफवारणी करू नये.

५. घराचे पत्रे, कौले व झाडांच्या वाळक्या फांद्या चैत्रातच तपासाव्यात. खार जमिनीचे बांध व उघाड्या यांची दुरुस्तीही त्याच वेळी उरकावी.

वीज

मालाचे नुकसान भरून निघते, माणूस परत येत नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेल्यास वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे असे समजावे व तत्काळ पक्क्या घरात जावे. झाडाखाली, उघड्या मांडवात वा खाडीतील होडीत थांबू नये. गुरेही झाडास बांधू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्यास स्पर्श करण्यास न भिता त्वरित मदत करावी आणि दवाखान्यात न्यावे.

वळवाचा पाऊस थांबविणे कोणाच्या हाती नाही. मात्र त्यापूर्वीचे उकाड्याचे दिवस प्रत्येकाच्या हाती असतात. ते दिवस केवळ पावसाची वाट पाहण्यात न घालविता जो शेतकरी आपली उडवी बांधील, बांध सावरील व घरच्यांस विजेपासून जपण्याचे नियम समजावून देईल, त्यास हाच पाऊस जमीन मऊ करून देणारा सोबती ठरेल.