समन्स आले तर

पोलीस, न्यायालय, खटला हे शब्द ऐकले की पुष्कळ लोक घाबरतात. दाराशी समन्स आले की घरात रडारड सुरू होते. काही लोक याच्या उलट वागतात. "किरकोळ गोष्ट आहे," असे म्हणून ते कागद बाजूला टाकतात. हे दोन्ही चुकीचे आहे. लहान गुन्ह्याचा खटला कसा चालतो, हे आपण समजून घेऊ.

वकील, कैद, तारीख हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ते मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. पण 'गुन्हा' या शब्दाकडे नीट पाहा. उर्दूत 'गुनाह' म्हणजे पाप. मराठीत 'गुन्हा' म्हणजे कायद्याने शिक्षा सांगितलेले कृत्य. उर्दूत तुम्ही त्याला 'जुर्म' म्हणता. गुन्हा लहान की मोठा, हे कोणाच्या रागावरून ठरत नाही. ते कायद्यावरून ठरते. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात गुन्हे व त्यांच्या शिक्षा सांगितल्या आहेत. खटला कसा चालवावा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दिले आहे. ज्या गुन्ह्याला २ वर्षांपेक्षा जास्त कैद होत नाही, त्याच्या खटल्याला 'समन्स खटला' म्हणतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नळावर पाणी भरताना दोन शेजाऱ्यांचे भांडण झाले. एकाने दुसऱ्याला मारले. दुखापत साधी होती. मार खाणारा पोलीस ठाण्यात गेला. पोलिसांनी तक्रार नोंदवली आणि "न्यायालयात जा," असे सांगितले. त्याला वाटले, पोलिसांनी आपल्याला टाळले. पण तसे नाही. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. लोक त्याला 'एन. सी.' म्हणतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलिसांना अशा गुन्ह्याचा तपास करता येत नाही. या गुन्ह्यासाठी वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही.

मग तो माणूस न्यायालयात फिर्याद देतो. ही फिर्याद एक वर्षाच्या आत द्यावी लागते. न्यायदंडाधिकारी त्याला शपथ देऊन त्याचे म्हणणे लिहून घेतात. दुसऱ्या बाजूलाही बोलण्याची संधी मिळते. फिर्यादीत तथ्य दिसले, तर आरोपीला समन्स निघते. समन्स म्हणजे शिक्षा नव्हे. 'अमुक तारखेला हजर राहा,' असा तो न्यायालयाचा हुकूम असतो. तो पाळला नाही, तर वॉरंट निघू शकते. मग लहानशा खटल्यातही अटक होते.

हा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणून जामीन मिळणे हा आरोपीचा हक्क आहे. गरीब माणसाला जामीनदार मिळाला नाही, तर त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडले जाते.

ठरलेल्या तारखेला न्यायदंडाधिकारी आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. लवकर सुटका होईल, या आशेने काही लोक विचार न करता "होय" म्हणतात. त्यानंतर साक्षीपुरावा न होताच शिक्षा होऊ शकते. पुढे नोकरीच्या वेळी ही गोष्ट आड येऊ शकते. म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. वकिलासाठी पैसे नसतील, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे गरिबांना वकील मोफत मिळतो. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही.

आरोपी "नाही" म्हणाला, तर फिर्यादीला आरोप सिद्ध करावा लागतो. साक्षीदार येतात, त्यांची उलटतपासणी होते. आरोपीलाही आपली बाजू मांडता येते. योग्य शंका उरली, तर आरोपी निर्दोष सुटतो. आरोप सिद्ध झाला, तर साध्या दुखापतीला १ वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण प्रत्येक वेळी तुरुंगातच जावे लागते असे नाही. १९५८ च्या एका कायद्याप्रमाणे न्यायालय पहिल्या वेळच्या अपराध्याला ताकीद देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू शकते. काही लहान गुन्ह्यांना आता समाजसेवेची शिक्षाही आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर ही शिक्षा मिळते.

आपल्या उदाहरणातला खटला आपसात मिटवताही येतो. मार खाणाऱ्याने तडजोड केली, तर आरोपी निर्दोष सुटतो. अशी प्रकरणे लोकअदालतीतही मिटतात. मात्र तडजोड राजीखुशीने व्हावी, दडपणाने नव्हे.

मुलांनो, तुमच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. १८ वर्षांखालील मुलाकडून असा गुन्हा घडला, तर ते प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही.

महाराष्ट्रात समन्स बहुधा मराठीत असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना कदाचित ते वाचता येणार नाही. अशा वेळी तुम्ही ते शांतपणे वाचून दाखवा. न्यायालय कोणते, तारीख कोणती, आरोप कोणता, या तीन गोष्टी पाहा. मग त्यांना सांगा, "घाबरू नका, पण तारीख चुकवू नका आणि समजल्याशिवाय काही कबूल करू नका."