‘विक्रान्त’ नौकेची प्रतिकृति व तिचा कालनिर्णय

पोथीचा काळ ठरवितांना जी दक्षता लागते तीच जहाजाची प्रतिकृति करणारासही लागते, हें प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीवरून कळलें.

केज तालुक्यांतील युसूफ वडगांव समुद्रापासून फार दूर. तेथें बसून विमानवाहू युद्धनौका घडविणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु जुनी ‘विक्रान्त’ आतां मुंबईकरांसही दिसावयाची नाहीं. ता. ३१ जानेवारी १९९७ रोजीं ती सेवेंतून निघाली, पुढें मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती, तें २०१२ त बंद झालें व २०१४ त तिची मोडणी सुरू झाली. २०२२ त आरमारांत दाखल झालेली त्याच नांवाची नौका सर्वस्वीं निराळी. तेव्हां वडगांव काय आणि कुलाबा काय, अभ्यासकाचीं साधनें सारखींच : छायाचित्रें, आराखडे व वर्णनें.

मूळ नौकेची लांबी सुमारें ७०० फूट; ३५० स एक या प्रमाणानें प्रतिकृति दोन फुटांची होते. पांगाऱ्याच्या फळ्या एकावर एक चिकटवून धड कोरलें, वर पातळ प्लायवुडचा डेक बसविला. उजव्या कडेस मनोरा, डावीकडे विमानें उतरण्याची तिरकस पट्टी, व तीवर विमान अडविणाऱ्या तारांच्या जागीं तांब्याचे केसासारखे तंतू. खरी परीक्षा विमानांची. सी हॉकच्या पंखांचा विस्तार ३९ फूट, म्हणजे येथें सव्वा इंचाहून किंचित् अधिक. अलिझेचा पावणेदोन इंच. दोहोंचेही पंख मिटतात. म्हणून रांगेंत उभीं केलेलीं विमानें पंख मिटून व उड्डाणास सज्ज असलेलें तेवढें पंख उघडून दाखविलें.

येथेंच घोटाळा झाला. हातीं आलेलीं स्पष्ट छायाचित्रें नौकेच्या अखेरच्या वर्षांतील होतीं. त्यांवरून नाळेवर चढाचा उतार केला आणि मागें सी हॉकांची रांग मांडली. हीं दोन्हीं एकत्र कधींच नव्हतीं.

टाइन नदीकांठीं १९४३ त ‘हर्क्युलिस’ या नांवानें आरंभिलेली ही नौका महायुद्ध संपल्यावर अर्धवट राहिली. १९५७ त ती भारत सरकारनें घेतली आणि बेलफास्ट येथें पुरी होऊन ४ मार्च १९६१ रोजीं ती आरमारांत आली. त्या वेळीं डेक नाळेपर्यंत सपाट होता. सी हॉक व अलिझे यांस वाफेच्या दाबानें पुढें फेकणारें कॅटापल्ट त्यांत बसविलें होतें. सी हॅरियर विमानें १९८३ पासून आलीं. त्यांस थोडी धांव व पुढें चढ पुरे, आणि उतरतांना तीं सरळ खालीं येतात. अलिझे १९८७ त नौकेवरून गेल्यावर ९.७५ अंशांचा चढ बांधला गेला. दोन काळच्या प्रतींतील पाठ मिसळून लेखकूनें तिसरीच पोथी सिद्ध करावी, तसें माझें जहाज झालें होतें. पाहणारे मात्र खूष होते!

शेवटीं चढ तासून काढला व डिसेंबर १९७१ हा काळ निश्चित केला. त्या महिन्याच्या ४ तारखेपासून याच सपाट डेकवरून उडालेल्या विमानांनीं कॉक्स बाजार व चितगांव येथें हल्ले केले. विमानांचे आकार ताडून पाहण्यास दाभोळी येथील नौदलाच्या विमान-संग्रहालयाचा उपयोग होतो. तिन्ही जातींचीं खरीं विमानें तेथें आहेत. डेकवरील लहानसहान सामानास मात्र छायाचित्रांवांचून आधार नाहीं. आंग्र्यांच्या गुराबा व गलबतें यांचीं नांवें कागदांत वाचतांना त्यांचें रूप डोळ्यांपुढें आणणें किती कठीण जातें, हें या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

प्रतिकृतीच्या बैठकीवर आतां पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें काळ व प्रमाण कोरलें आहे. संग्राहकांपैकीं कोणापाशीं १९६१ ते १९७१ या काळांतील ‘विक्रान्त’च्या डेकचीं छायाचित्रें असल्यास त्यांनीं त्यांच्या पाठीवरील तारखा जशाच्या तशा उतरून कळवाव्या, चित्राइतकेंच त्या तारखेचें मोल आहे.