पायलॉसचा अकीक, दायमाबादचा रथ

क्रीट हे अख्खं बेट नांदेड जिल्ह्यात मावेल आणि वर दोन हजार चौरस किलोमीटर जागा उरेल. नांदेड सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर, क्रीट जेमतेम ८,३००. पण चार हजार वर्षांपूर्वी तिथल्या मिनोअन लोकांनी क्नोसॉसला राजवाडा उभारला, त्याच्या खोल्यांची गणती हजाराच्या पुढे जाते.

खोल्यांचं सोडा. २०१५ साली ग्रीसमधल्या पायलॉसला जॅक डेव्हिस आणि शॅरन स्टॉकर या पुरातत्त्वज्ञांना एका योद्ध्याची साडेतीन हजार वर्षांपूर्वीची कबर मिळाली. तिच्यातला अकीकाचा खडा मिनोअन कारागिरीचा मानतात. लांबी ३.६ सेंटिमीटर. तेवढ्यात तीन योद्धे: एक पडलेला, दुसरा भाला उगारलेला, तिसरा या दुसऱ्याच्या मानेत तलवार खुपसणारा. दंडाचे स्नायूही कोरलेत. काही बारकावे अर्ध्या मिलिमीटरचे, भिंगाशिवाय दिसतच नाहीत! शिवाय अकीक ब्राँझपेक्षा कितीतरी कठीण. छिन्नी चालत नाही, कठीण पूड लावून कण कण झिजवावा लागतो.

अकीक आपल्याकडेही काही कमी नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तो तयार होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणहून असेच खडे गाड्या भरभरून भडोचला जात असल्याची नोंद आहे, वाट वीस दिवसांची. पण मिनोअनांच्या काळच्या आपल्या कारागिरांचं काम बघायचं तर मी खड्यांकडे जाणार नाही, धातूकडे जाईन.

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीच्या बाजूनं पुढे तेलंगणात जाणाऱ्या गोदावरीला वर प्रवरासंगमाला प्रवरा मिळते. त्या प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली एक भिल्ल शेतकरी झाडाचं खोड खणत होता. खाली निघाले हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ ४५ सेंटिमीटर लांब, हाकणारा माणूस १६ सेंटिमीटर उंच. चारही ब्राँझची, भरीव ओतीव. एकत्र वजन साठ किलोंच्या वर, म्हणजे खताच्या भरल्या पोत्यापेक्षा जड. ब्रिटिश म्युझियममधला बैलावरून उडी मारणारा प्रसिद्ध मिनोअन पुतळाही भरीवच आहे, पण बैलासकट त्याची लांबी साडेपंधरा सेंटिमीटर. आपला एकटा रथ त्याच्या जवळपास तिप्पट.

या मूर्ती बहुतेक अभ्यासक उत्तर हडप्पा काळातल्या धरतात. धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक सापडल्यानं काहींना त्या बऱ्याच अलीकडच्या वाटतात. हा वाद मिटलेला नाही. मला मात्र काळापेक्षा खर्चाचं कोडं मोठं वाटतं. प्रवरेकाठच्या पाषाणात तांबं मिळत नाही. धातू आला तो लांबून, बहुधा बैलांच्या पाठीवर. क्नोसॉसला असा खर्च उचलायला राजवाडा होता. दायमाबादचं पांढरीचं टेकाड वीस हेक्टरांचं, पाच मीटर जाडीच्या वस्तीच्या थरांचं. १९५८ ते १९७९ दरम्यान तिथं तीनदा उत्खनन झालं, आणि त्यात तसा राजवाडा काही निघाला नाही.