कातडीची भिंत आणि तिची चोरवाट

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक अजब प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडू लागले! जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाला. पहिला संशय पाण्यावर गेला. 'या पाण्याने आंघोळ करावी की नाही?' हाच प्रश्न घरोघरी होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य प्रमाणाबाहेर आढळले. त्यांनी बोट दाखवले ते रेशनच्या गव्हाकडे. म्हणजे वाट कातडीची नव्हे, तोंडाची!

मग पाण्यातले किंवा मातीतले विष कातडीतून आत शिरतच नाही का? शिरते, पण सगळेच नाही. असे का, ते पाहू.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. तळहात आणि तळपाय सोडले तर तो सहसा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून फारसा जाड नसतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. पेशी या विटा, आणि त्यांना जोडणारा चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांना या स्निग्ध चुन्यातून सहसा वाट मिळत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या खारट पाण्याने आंघोळ करतात. अंगावर पांढरे डाग पडतात, खाज सुटते. पण मीठ रक्तात जात नाही. तेच पाणी पिणे मात्र वेगळे!

याउलट, तेलात विरघळणारे पदार्थ त्या चुन्यातच विरघळतात आणि हळूहळू आत सरकतात. हीच ती चोरवाट! कपाशीवर फवारायची अनेक कीटकनाशके याच जातीची असतात. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो, तसेच हे विसरण आहे. विसरणाचा नियम सोपा आहे: बाहेरची संहती जास्त, भिजलेला भाग मोठा आणि थर पातळ असेल, तर विष अधिक वेगाने शिरते. जागाही महत्त्वाची. अमेरिकेतील मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकाची मोजमापे प्रसिद्ध केली. हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के शरीरात गेले. कपाळावर ३६ टक्के, तर काखेत ६४ टक्के!

फवारलेले औषध पानांवरून मातीतही पडते. माती ते धरून ठेवते. १९९० मध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगात २४ तासांत द्रावणातील डीडीटी सुमारे १९ टक्के शोषले गेले, तर मातीत मिसळलेले ३ टक्केच. म्हणून माती निर्धोक समजायची का? नाही. अंगाला चिकटलेली माती दिवसभर तशीच राहिली, तर विसरणाला दिवसभर वेळ मिळतो. खरचटलेल्या जागी तर भिंतच पडलेली असते.

या चोरवाटेची किंमत विदर्भाने मोजली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कपाशी उंच वाढलेली होती. अशा पिकात औषध श्वासावाटे जाते, तसेच अंगावर पडून कपड्यांत मुरते. ओला सदरा अंगावर राहणे म्हणजे विषाची पट्टी बांधून फिरण्यासारखेच!

एक छोटा प्रयोग करा. एका मनगटावर बीटचा रस लावा, दुसऱ्यावर तेलात कालवलेली हळद. पाच मिनिटांनी दोन्ही मनगटे नुसत्या पाण्याने धुवा. बीट बहुतेक निघून जाईल, हळद राहील. आता साबण लावा. तेलाला पाण्यात घेऊन जाणारा तो साबणच, हे तुमच्या ध्यानात येईल.

फवारणी करून आलेल्या वडिलांना किंवा काकांना हेच सांगा: आधी कपडे बदला, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, पण खसखसून घासू नका. ते कपडे वेगळे धुवा. आणि नुकत्याच फवारलेल्या शेतात तुम्ही स्वतः अनवाणी जाऊ नका. कातडीची भिंत मजबूत आहे खरी. पण राखण आपणच करायची आहे.