चौघांच्या पैशांत पाचवे तिकीट

माझ्या बहिणीचा मुलगा जर्मनीत, ट्रीअर गावी असतो. तिथून शेजारच्या लक्झेंबर्ग देशात आगगाडीने जायचे तर तो सरहद्दीपर्यंतचेच तिकीट काढतो. कारण त्या चिमुकल्या देशाने 29 फेब्रुवारी 2020 पासून आपल्या हद्दीत आगगाडीचा दुसरा वर्ग सर्वांना फुकट केला आहे! “मावशी, प्रवासाचे तुकडे पाडावेत, पैसे वाचतात,” असे त्याने मोठ्या ऐटीत कळवले.

आता आमच्याकडची तऱ्हा पाहा. गेल्या फाल्गुनात त्रिस्थळी करायचे ठरले. सासूबाई, हे, मुलगी आणि मी. वह्या-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो, तेव्हा उंबऱ्याशी बसलेल्या आत्याबाई एवढेच म्हणाल्या, “माझाही नमस्कार सांगा हो विश्वेश्वराला.” त्यांच्या तिकिटाची सोय आमच्या हिशेबात नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. ज्येष्ठांची सवलत तर मार्च 2020 मध्येच बंद झालेली.

रात्रभर मला झोप नाही. मग आठवले, आमचे वडील ‘चक्री तिकीट’ म्हणत असत. रेल्वे त्याला चक्राकार प्रवासाचे तिकीट म्हणते. ज्या गावाहून निघायचे त्याच गावी, पण वेगळ्या वाटेने परत यायचे. वाटेत आठपर्यंत मुक्काम करता येतात. आणि खरी मौज भाड्यात. आपल्या रेल्वेचा दर लांबीबरोबर उतरत जातो. म्हणजे हजारावा किलोमीटर पहिल्यापेक्षा स्वस्त. शिवाय प्रयाग ते काशी अंतर जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर, तरी स्लीपरला किमान दोनशेचे भाडे बसतेच. असे पाच तुकडे पाडले की पाचही वेळा महागडे पहिले किलोमीटर आपल्या माथी! चक्री तिकिटात सगळ्या प्रवासाची लांबी मोजून तिचे दोन समान भाग करतात आणि त्या दोन लांब प्रवासांचे भाडे घेतात.

आमचे चक्र असे होते: नागपूर, इटारसी, जबलपूर, प्रयागराज, काशी, गया, कोलकाता आणि टाटानगर-बिलासपूर-गोंदियावरून घरी.

एका खिडकीवर “असले तिकीट नसतेच” हे ऐकून आम्ही परतलो, पण हे चिवट. हे तिकीट थेट खिडकीवर मागायचे नसते. आधी विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कचेरीत मार्ग लिहून द्यावा लागतो. नागपुरात तर मध्य रेल्वे आणि दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे, दोघींची विभागीय कार्यालये आहेत. कागद मंजूर झाला की स्टेशनवर तिकीट आणि मग एकेका गाडीचे आरक्षण. आरक्षणाचे आणि सुपरफास्टचे पैसे निराळे, हे विसरू नका. आणि मार्ग आधी नीट ठरवा. आम्हाला गयेला एक दिवस वाढवायचा होता, तेव्हा पुढची सगळी आरक्षणे आड आली.

बेरीज केली, तर सुट्या तिकिटांनी चौघांना जे भाडे पडले असते, त्यात पाचजण बसत होते. मी आत्याबाईंना पिशवी भरायला सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून लुगडे वाळत घातले होते ते काढू लागल्या.

परतीला गोंदिया मागे पडले, तेव्हा त्यांनी तिकीट हातात घेऊन विचारले, “इथे नागपूर ते नागपूर लिहिले आहे का ग? मग एवढे पैसे कशाचे घेतले?”