यंत्राचा वेळ, माणसाचा वेळ

जून-जुलै उजाडला, की इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींच्या घरांत एक नवाच प्रश्न ऐकू येतो. 'आधी कुठली भाषा शिकायची? सी, की पायथन?' आजोबांना वाटते, इंग्रजी-जर्मनसारखे काही असावे. तर या भाषा संगणकाला काम सांगण्याच्या. एक धावायला चपळ, पण लिहायला किचकट. दुसरी लिहायला सोपी, पण चालीला संथ. क्लासवाल्यांचा सल्ला बहुधा पगाराच्या आकड्याकडे डोळा ठेवून दिलेला असतो. म्हणून हा विषय जरा निवांतपणे पाहू.

हा फरक येतो कुठून? ढोबळमानाने सांगायचे, तर सी भाषेत लिहिलेले सगळे काम आधी यंत्राच्या बोलीत उतरवले जाते. छापून तयार असलेल्या भाषांतरित पुस्तकासारखे. मग यंत्र ते भराभर वाचत सुटते. पायथनमध्ये शेजारी दुभाषा बसलेला असतो. तो ओळीमागून ओळ समजावत जातो आणि तीच ओळ लाख वेळा आली, तर लाख वेळा समजावतो. वेळ जातो तो इथे. मात्र हा दुभाषा चूक झाली की हटकतो. सी हटकत नाही. शंभर खात्यांच्या यादीतले एकशे एकावे खाते मागा, शेजारच्या जागेत जे काही पडले असेल ते ती निमूटपणे उचलून देईल. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या अंगावर याने काटा येतो!

ही ओढाताण जुनीच आहे. आयबीएमच्या जॉन बॅकस यांनी 1957 मध्ये फोरट्रान भाषा आणली, तेव्हा मुरलेले लोक साशंक होते. माणसाने हाताने लिहिलेल्या यंत्रसूचनांचा वेग भाषांतराला कसा येणार? तो बऱ्याच अंशी आला, आणि शास्त्रज्ञ स्वतः प्रोग्रॅम लिहू लागले. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली आणि 1973 मध्ये युनिक्स ही प्रणाली त्या भाषेत नव्याने लिहिली गेली. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुटीत पायथन लिहायला घेतली. 1991 मध्ये ती बाहेर आली. नाव अजगरावरून नाही, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून.

आता आमच्या पेढीवरचे उदाहरण. 2010 पर्यंत बचत खात्याचे व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. एका खात्याला वर्षाचे बारा आकडे. 1 एप्रिल 2010 पासून व्याज रोजच्या शिलकेवर आले. बाराचे 365 झाले. लेजरवर मान मोडून हे करणे अशक्यच. यंत्र होते म्हणून हा नियम निघाला.

ओळखीच्या एका लहान पतसंस्थेत हेच काम वर्षअखेरीला रात्रभर चाले. खाती बारा हजार. एका विक्रेत्याने निदान केले, 'तुमची भाषाच मंद आहे, सगळे नव्याने लिहून घ्या.' खर्चाचा आकडा ऐकून संचालक गप्प. पैसा अखेर ठेवीदारांचाच. सचिवांनी साधा गुणाकार केला: बारा हजार गुणिले 365, म्हणजे 43 लाख 80 हजार हिशेब. एवढे काम पायथनही सेकंदांत उरकते. मग रात्र जाते कुठे? शोधल्यावर कळले, की प्रोग्रॅम प्रत्येक खात्यासाठी व्याजदरांची फाइल नव्याने उघडून पहिल्यापासून वाचत होता. ती एकदाच उघडायला सांगितली आणि काम चहा संपायच्या आत होऊ लागले. भाषा तीच राहिली.

डोनाल्ड क्नूथ यांनी 1971 मध्ये फोरट्रानचे प्रोग्रॅम तपासून दाखवले होते, की बहुधा प्रोग्रॅमच्या चार टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. माझे मत यावरच बेतलेले आहे. आधी सोप्या भाषेत लिहावे, मग मोजावे, आणि जिथे खरोखर अडते तेवढाच तुकडा चपळ भाषेत घ्यावा. पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या संचाचा गाभा सीमध्येच लिहिलेला आहे. दोन भाषांचा हा संसार ज्यांना नको, त्यांनी 2012 मध्ये जुलिया ही तिसरी वाट काढली. तिच्या जनकांपैकी विरल शाह हे भारतीय. 'आधार'च्या उभारणीतही ते होते.

वेग आणि सोपेपणा यांच्या जोडीला बँकवाल्याचा आणखी एक प्रश्न असतो: पैसा जुळतो का? पायथनला साध्या अपूर्णांकात 0.1 अधिक 0.2 विचारा. उत्तर नेमके 0.3 येत नाही. सतराव्या दशांशस्थळी एक चौका उपटतो. सीमध्येही आत तेच घडते. यंत्र दोनाच्या हिशेबाने मोजते, त्याला दहा पैसे नेमके मांडता येत नाहीत. 1960 च्या सुमाराची कोबोल दशमान हिशेब नेमका ठेवते. बँकांनी तिला इतकी वर्षे सोडले नाही, त्याचे हे एक कारण. पायथनमध्येही त्यासाठी 'डेसिमल' नावाची वेगळी सोय आहे. ती आठवणीने वापरावी लागते, इतकेच.

तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी पायथनने सुरुवात करावी, सहा महिन्यांनी सीला हात घालावा. सराव म्हणून बारा हजार काल्पनिक खात्यांचे वर्षाचे व्याज दोन्ही भाषांत काढून पाहावे. घड्याळ मात्र दोनदा लावायचे. यंत्राला किती सेकंद लागले, आणि ते बिनचूक लिहायला आपल्याला किती तास लागले, दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी मांडायचे.