गुलामाने उभारलेले पूल : होरेस किंग आणि त्यांची कंपनी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ‘किंग ब्रदर्स ब्रिज कंपनी’चा पाया घालणारे होरेस किंग १८०७ साली साउथ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मले. त्यांचा मालक जॉन गॉडविन कंत्राटदार होता. १८३२ साली त्याने कोलंबस येथे चॅटाहूची नदीवरील पुलाचा ठेका घेतला. कौशल्य मात्र किंग यांचे होते.

पद्धत इथिएल टाउन यांच्या जाळीची. तिरप्या फळ्या एकमेकींना छेदतील अशा बसवायच्या आणि प्रत्येक छेदावर लाकडी खुंट्या ठोकायच्या. त्यामुळे अवजड तुळया लागत नाहीत. भार असंख्य सांध्यांत वाटला जातो. वरचे छप्पर शोभेसाठी नसते, पावसाने लाकूड कुजू नये म्हणून असते.

१८४६ साली अलाबामाच्या विधिमंडळाने कायदा करून किंग यांना मुक्त केले. नदीचे दोन काठ जोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या देहाचा ताबा मिळण्यासाठी कायदा लागावा! पुढे यादवी युद्धात, १८६५ साली, कोलंबसचा पूल जळाला. किंग यांनी तो पुन्हा उभारला आणि काही वर्षांतच ते त्याच विधिमंडळात सभासद म्हणून बसले.

१८७२ च्या सुमारास कुटुंब लाग्रेंजला आले. व्यवसाय मुलांच्या हाती गेला. १८८५ साली किंग वारले. पुत्र वॉशिंग्टन यांनी अथेन्स शहरासाठी १८९१ साली बांधलेला छप्पराचा पूल पुढे स्टोन माउंटन येथे हलवण्यात आला. तो आजही तेथे पाहावयास मिळतो.